विश्लेषण : वर्षभर फक्त मांस खाऊन राहिलेले संशोधक… ‘अश्मयुगीन आहारा’चे प्रचारक स्टेफान्सन कोण होते?

जिममध्ये, यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘पॅलिओ’, ‘कीटो’, ‘कार्निव्होर’ हे शब्द सतत कानावर पडतात. पोळी, भात, साखर बंद करा, शेती सुरू होण्याआधीचा माणूस जसे खात होता तसे खा, वजन उतरेल आणि आजार पळतील, असा या प्रचाराचा साधारण सूर असतो. त्यात एका जुन्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. आर्क्टिक प्रदेशात अनेक वर्षे काढलेले विल्यालमर स्टेफान्सन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाऊन राहण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो पूर्णही केला. मात्र या प्रयोगाच्या आधी त्यांच्या आयुष्यात काय घडले होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांचे म्हणणे कुठे बरोबर होते, कुठे चुकले आणि त्या चुकीची किंमत कोणी मोजली, याविषयी…

स्टेफान्सन मूळचे कुठले?

स्टेफान्सन यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८७९ रोजी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात झाला. आई-वडील आइसलँडहून आलेले स्थलांतरित होते. वस्तीला पुराचा तडाखा बसला, त्या काळात त्यांची दोन भावंडे दगावली. त्यानंतर हे कुटुंब अमेरिकेतील डकोटा भागात शेतीसाठी गेले. जन्माच्या वेळी त्यांचे नाव विल्यम स्टीफन्सन असे इंग्रजी वळणाचे होते. विद्यार्थीदशेत त्यांनी ते बदलून आइसलँडी पद्धतीचे करून घेतले. नॉर्थ डकोटा विद्यापीठातून त्यांना काढून टाकण्यात आले, पदवी त्यांनी आयोवा विद्यापीठातून घेतली. पुढे हार्वर्डमध्ये ते धर्मशास्त्र शिकायला गेले आणि तिथेच मानववंशशास्त्राकडे वळले.

१९०६ मध्ये एका ध्रुवीय मोहिमेत मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांची निवड झाली. जहाजातून जाण्याऐवजी त्यांनी मॅकेंझी नदीच्या मार्गाने उत्तर किनारा गाठायचे ठरवले. तिथे जहाज त्यांना घेणार होते. पण ते बर्फामुळे अलीकडेच थांबले आणि ठरलेल्या ठिकाणी आलेच नाही. हिवाळा तोंडावर, जवळ पुरेसा शिधा नाही. अशा स्थितीत स्टेफान्सन यांनी मॅकेंझीच्या मुखाजवळ राहणाऱ्या इनुइट लोकांच्या घरात आसरा घेतला. इनुइटांना त्या काळी ‘एस्किमो’ म्हटले जाई.

मासे नावडणारा माणूस तिथे काय शिकला?

स्टेफान्सन यांना लहानपणापासून मासे आवडत नसत. इथे मात्र तिन्ही त्रिकाळ मासेच होते. सकाळी गोठलेला कच्चा मासा, नंतर उकडलेला मासा, त्यात मीठ नाही. सुरुवातीला यजमानांनी त्यांच्यासाठी मासे भाजून दिले. हळूहळू ते उकडलेले मासे खाऊ लागले, मग कच्चे आणि शेवटी आंबवलेलेही. माशाचे डोके हा सर्वांत चांगला भाग मानला जाई आणि तो मुलांसाठी राखून ठेवला जाई, हे त्यांनी तिथेच पाहिले. काही महिन्यांनी मिठाची आठवणही येईनाशी झाली. वसंत ऋतू आला तेव्हा आपली तब्येत उत्तम आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

ही गोष्ट त्या काळात धक्कादायक होती. भाजी, फळे, धान्य यांच्याशिवाय माणूस फार काळ तग धरू शकत नाही, त्याला स्कर्व्ही होतो, असे मानले जाई. हिरड्यांतून रक्त येणे, सांधे दुखणे, जुन्या जखमा उघडणे आणि शेवटी मृत्यू अशी या आजाराची वाटचाल. अनेक ध्रुवीय मोहिमा त्याने मोडून काढल्या होत्या. मग इनुइटांना स्कर्व्ही का होत नाही?

आज याचे उत्तर सोपे आहे. ताज्या मांसात ‘क’ जीवनसत्त्व थोडे असते, पण असते. जास्त शिजवल्याने आणि बराच काळ साठवल्याने ते नष्ट होते. इनुइट लोक मांस कच्चे किंवा जेमतेम शिजवलेले खात. यकृत, इतर अवयव आणि व्हेलची कातडी त्यांच्या आहारात असे. व्हेलच्या कातडीत तर हे जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. स्टेफान्सन पहिल्यांदा उत्तरेला गेले तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वाचा शोधही लागलेला नव्हता. तरीही स्कर्व्हीवर ताजे मांस हाच उपाय, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो बरोबर होता.

चरबीला इतके महत्त्व का?

१९०८ ते १९१२ या दुसऱ्या मोहिमेत स्टेफान्सन यांना आणखी एक गोष्ट कळली. नुसते मांस पुरत नाही, त्याबरोबर चरबी लागते. उत्तर अमेरिकेतील रानात ससे खाऊन जगण्याची वेळ आली, की माणूस पोटभर खाऊनही खंगत जातो, हे तिथल्या आदिवासींना ठाऊक होते. सशाच्या मांसात चरबी अगदी कमी असते. प्रथिनांचे अतिरिक्त नत्र युरियाच्या रूपात बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मर्यादित असल्याने केवळ प्रथिनांवर शरीर चालत नाही. मळमळ, जुलाब, थकवा सुरू होतो. याला ‘रॅबिट स्टार्व्हेशन’ म्हणतात. म्हणूनच शिकारीत चरबीदार भागाला मान होता. कॅरिबू हरणाच्या पाठीवरची चरबी, हाडातली मज्जा, सीलच्या कातडीखालचा चरबीचा थर हे भाग जपून ठेवले जात. निव्वळ लालसर मांस बऱ्याचदा कुत्र्यांना घातले जाई.

हे ज्ञान स्टेफान्सन यांनी शोधून काढलेले नव्हते. ते इनुइटांनी पिढ्यानपिढ्या जपलेले होते. त्यांच्यापर्यंत ते पोहोचवणाऱ्यांत फॅनी पॅनिगाब्लुक ही इनुइट महिला महत्त्वाची होती. मोहिमेत ती शिवणकाम करत असे. तिथे कातड्याचे कपडे नीट शिवलेले नसतील तर शिकारी बाहेरच पडू शकत नाही. शिकार आली की ती सोलणे, वाळवणे, साठवणे हेही बायकांचेच काम. १९१० मध्ये तिला स्टेफान्सन यांच्यापासून मुलगा झाला, त्याचे नाव ॲलेक्स. पण आपल्या पुस्तकांत त्यांनी हे नाते कधीच मान्य केले नाही. वाचकांसमोर पॅनिगाब्लुक मोहिमेतली शिवणकाम करणारी बाई एवढीच राहिली.

‘मैत्रीपूर्ण आर्क्टिक’ ही कल्पना कुठून आली?

१९१३ मध्ये कॅनडा सरकारच्या मोठ्या मोहिमेचे नेतृत्व स्टेफान्सन यांच्याकडे आले. ऑगस्टमध्ये ‘कार्लुक’ हे त्यांचे मुख्य जहाज बर्फात अडकले. २० सप्टेंबरला ते पाच जणांना घेऊन शिकारीसाठी जहाजावरून उतरले. दोन-तीन दिवसांत वादळ आले आणि बर्फासकट जहाज पश्चिमेकडे वाहत गेले. जानेवारी १९१४ मध्ये ते बुडाले. जहाजावरचे लोक बर्फावरून चालत सैबेरियाच्या उत्तरेकडील रँगेल बेटाकडे निघाले. कॅप्टन बॉब बार्टलेट आणि एक इनुइट शिकारी तिथून सैबेरिया गाठून मदत घेऊन आले. तोपर्यंत ११ जण मृत्युमुखी पडले होते. नेता संकटात साथीदारांना सोडून गेला की खरोखर शिकारीलाच गेला होता, हा वाद पुढे कायम राहिला.

स्टेफान्सन यांनी मोहीम थांबवली नाही. मार्च १९१४ मध्ये ते गोठलेल्या समुद्रावर निघाले आणि पुढे दोन साथीदारांसह सील आणि ध्रुवीय अस्वलांच्या शिकारीवर जगत ९६ दिवसांनी बँक्स बेटावर पोहोचले. तोवर अनेकांनी त्यांना मृत समजले होते. १९१८ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत त्यांनी नकाशावर नसलेली काही बेटे शोधली.

१९१७ मधला एक प्रसंग महत्त्वाचा आहे. लॉर्न नाइट आणि हॅरॉल्ड नॉइस या दोन तरुण सहकाऱ्यांनी आधीच्या मोहिमेने ठेवलेल्या साठ्यातला किराणा माल खाणे पसंत केले. दोघांनाही स्कर्व्ही झाला. स्टेफान्सन यांनी कॅरिबूची शिकार करून त्यांना ताजे, कच्चे मांस खायला घातले. काही दिवसांतच त्यांचा थकवा आणि निराशा कमी झाली आणि पुढे ते बरे झाले. या अनुभवांवर स्टेफान्सन यांनी १९२१ मध्ये ‘द फ्रेंडली आर्क्टिक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शिकारीचे ज्ञान असेल तर आर्क्टिक कोणालाही पोसते, असा त्याचा गाभा होता.

रँगेल बेटावर काय घडले?

हीच कल्पना त्यांनी त्याच वर्षी प्रत्यक्षात आणायचे ठरवले. रँगेल बेटावर वसाहत करून त्यावर ब्रिटिश साम्राज्याचा हक्क सांगायचा, असा बेत होता. स्टेफान्सन स्वतः गेले नाहीत. सप्टेंबर १९२१ मध्ये चार तरुण बेटावर उतरले. स्कर्व्हीतून वाचलेला लॉर्न नाइट त्यांत होता. ‘कार्लुक’च्या दुर्घटनेतून वाचलेला फ्रेड मॉरर होता. मिल्टन गॅल आणि कागदोपत्री प्रमुख असलेला, विशीतला ॲलन क्रॉफर्ड हे अन्य दोघे. बरोबर सुमारे सहा महिन्यांचा शिधा. बाकी बेट देईल, असा हिशेब होता.

शिकार आणि शिवणकाम जाणणारी इनुइट कुटुंबे सोबत घ्यायची होती. ऐनवेळी ती आली नाहीत. आली ती फक्त ॲडा ब्लॅकजॅक, २३ वर्षांची. आजारी मुलाच्या उपचारांसाठी तिला पैसे हवे होते. ती इनुइट असली तरी मिशनऱ्यांकडे वाढलेली होती. तिला शिवणकाम येत होते, पण शिकार येत नव्हती.

पहिले वर्ष निभावले. १९२२ च्या उन्हाळ्यात मदतीचे जहाज बर्फामुळे पोहोचू शकले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात शिकार मिळेनाशी झाली. जानेवारी १९२३ मध्ये क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅल मदत आणण्यासाठी बर्फावरून सैबेरियाकडे निघाले. ते पुन्हा कोणालाच दिसले नाहीत. मागे उरला तो अंथरुणाला खिळलेला नाइट आणि त्याची शुश्रूषा करणारी ॲडा. नाइटला पुन्हा स्कर्व्ही झाला होता. उपाय त्याला माहीत होता, सहा वर्षांपूर्वी त्यानेच तो वाचला होता. पण या वेळी ताजे मांसच पुरेसे नव्हते. जून १९२३ मध्ये तो मरण पावला. ॲडा सापळे लावायला, बंदूक चालवायला स्वतःच शिकली आणि एकटी तग धरून राहिली. ऑगस्टमध्ये जहाज आले तेव्हा बेटावर तीच एक माणूस जिवंत होती, सोबत मोहिमेची मांजर. त्या जहाजावरच्या मदत पथकाचा प्रमुख होता हॅरॉल्ड नॉइस, म्हणजे १९१७ मध्ये नाइटबरोबर स्कर्व्हीतून वाचलेला दुसरा तरुण.

मांसाहाराने स्कर्व्ही टळतो, हा सिद्धांत इथे खोटा ठरला नाही. खोटे ठरले ते हे मांस कोणालाही, कधीही मिळेल हे गृहीतक.

१९२८ चा प्रयोग नेमका काय होता?

या दुर्घटनेमुळे स्टेफान्सन यांच्यावर टीका झाली. ते पुन्हा ध्रुवीय मोहिमेवर गेले नाहीत. व्याख्याने आणि लेखनातून मात्र मांसाहाराचा प्रचार त्यांनी सुरू ठेवला. डॉक्टरांना शंका होती. थंडीत राबणाऱ्या माणसाला चालते ते शहरात बसून काम करणाऱ्याला चालेल का? याची तपासणी करण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रेमंड पर्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात युजीन ड्युबॉइस यांच्या देखरेखीखाली प्रयोग सुरू झाला. स्टेफान्सन आणि आर्क्टिकमधले त्यांचे जुने सहकारी कार्स्टन अँडरसन हे दोघे त्यात सहभागी झाले. प्रयोगासाठी अर्थसाह्य अमेरिकेतील मांस उद्योगाच्या संघटनेने दिले होते.

सुरुवातीचे काही आठवडे दोघांवर रुग्णालयात कडक पहारा होता. नंतर ते घरी राहून तोच आहार घेत आणि तपासणीसाठी येत. आहारात गोमांस, मेंढीचे मांस, डुकराचे मांस, कोंबडी, यकृत, मूत्रपिंड, मेंदू, मज्जा आणि चरबी होती. दिवसाला साधारण १०० ते १४० ग्रॅम प्रथिने, २०० ते ३०० ग्रॅम चरबी आणि जेमतेम ७ ते १२ ग्रॅम कर्बोदके असे प्रमाण होते. म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त उष्मांक चरबीतून येत.

सुरुवातीलाच एक वेगळी चाचणी झाली. ड्युबॉइस यांच्या सूचनेवरून स्टेफान्सन यांना चरबी नसलेले मांस देण्यात आले. दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी वाढवताच ते बरे झाले. आर्क्टिकमधला धडा न्यूयॉर्कच्या रुग्णालयातही खरा ठरला होता.

प्रयोगाने काय सिद्ध केले, काय नाही?

१९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षभरात दोघांनाही स्कर्व्ही झाला नाही. मूत्रपिंडे बिघडली नाहीत, रक्तदाबही वाढला नाही. हे निष्कर्ष त्या काळच्या समजुतींना छेद देणारे होते. पहिल्या आठवड्यात वजन उतरले, पण ते मुख्यतः शरीरातील पाणी कमी झाल्याने. आजही कर्बोदके बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत वजनकाटा झपाट्याने खाली येतो, त्यामागे हेच कारण असते. यकृत आणि स्नायूंतील साखरेचा साठा संपतो आणि त्याने धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते. चरबी घटण्याचा वेग त्याहून बराच कमी असतो.

मात्र प्रयोगाच्या मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. त्यात फक्त दोन पुरुष होते आणि दोघांनाही अशा आहाराची आधीपासून सवय होती. कालावधी एक वर्षाचा. हृदयविकार किंवा हाडांची झीज एका वर्षात दिसत नाही. अहवालात कॅल्शियम शरीरात येण्यापेक्षा बाहेर जास्त जात असल्याची नोंद होती. इनुइट आहारात माशांची मऊ हाडे असतात, बेलव्ह्यूच्या ताटात त्यांची उणीव होती. पण हाडांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. १९७४ मध्ये उत्तर अलास्कातील एस्किमोंच्या अभ्यासात चाळिशीनंतर त्यांच्या हाडांतील खनिजांचे प्रमाण गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कमी आढळले.

स्टेफान्सन यांनी पुढे हा मुद्दा फार ताणला. १९६० च्या त्यांच्या पुस्तकात कर्करोग हा आधुनिक संस्कृतीचा आजार असल्याची मांडणी होती. डॉक्टर क्वचितच पोहोचलेल्या आणि आयुर्मान कमी असलेल्या समाजात कर्करोगाच्या नोंदी कमी असणार, हे त्यात नीट लक्षात घेतले गेले नाही. हृदयरोगाबाबतही असेच. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३७ प्राचीन ममींचे सीटी स्कॅन करण्यात आले. त्यांपैकी ४७ ममींत धमन्या कठीण झाल्याच्या खुणा सापडल्या किंवा तशी दाट शक्यता दिसली. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवरील शिकारी समाजाच्या ममींतही त्या होत्या.

इनुइट म्हणजे ‘अश्मयुगातला माणूस’ का?

स्टेफान्सन यांच्या मांडणीतली मूळ अडचण इथे आहे. एका टोकाच्या प्रदेशातील आहार त्यांनी साऱ्या आदिम मानवजातीचा आहार मानला. प्रत्यक्षात शिकार आणि अन्नसंकलन करणारे समाज जिथे राहत, तिथे जे मिळेल ते खात. टांझानियातील हाद्झा लोक मांसाबरोबर कंद, बेरी, गोरखचिंचेची फळे आणि भरपूर मध खातात. कालाहारीतील कुंग लोकांचा मोठा आधार मोंगोंगोच्या बिया हा होता. इस्रायलमधील ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातू दळल्याचे पुरावे सापडले आहेत. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता.

शिवाय इनुइटांची शरीरेही या आहाराशी जुळवून घेत बदलली. २०१५ मध्ये ग्रीनलँडमधील इनुइटांच्या जनुकीय अभ्यासात चरबीच्या चयापचयाशी संबंधित जनुकांत विशिष्ट बदल आढळले. त्यांच्याकडे पाहून तोच आहार इतर कोणालाही मानवेल, असे म्हणता येत नाही.

आजचा ‘पॅलिओ डाएट’ही स्टेफान्सन यांच्या आहारापेक्षा वेगळा आहे. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी वैद्यकीय नियतकालिकातून अश्मयुगीन आहाराची संकल्पना मांडली. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती लोकप्रिय झाली. त्यात धान्य, डाळी, दूध आणि मीठ वर्ज्य असले, तरी फळे आणि भाज्या भरपूर आहेत. साखर आणि पाकीटबंद पदार्थ बंद केल्याचा फायदा त्यात निश्चित होतो. मात्र त्यासाठी डाळ किंवा ज्वारी-बाजरी सोडलीच पाहिजे, असे यातून सिद्ध होत नाही.

स्वतः स्टेफान्सन शेवटपर्यंत काय खात होते?

बेलव्ह्यूचे वर्ष संपल्यावर स्टेफान्सन न्यूयॉर्कमध्ये इतरांसारखाच मिश्र आहार घेऊ लागले. १९४१ मध्ये त्यांनी एव्हलिन बेअर्ड यांच्याशी विवाह केला. पुढे ते डार्टमथ कॉलेजजवळ राहायला गेले आणि ध्रुवीय विषयांवरचा त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह त्या कॉलेजकडे गेला. १९५२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वजनही वाढले होते. त्यानंतर पत्नीच्या साथीने ते पुन्हा मांस आणि चरबीच्या आहाराकडे वळले. वजन उतरले आणि उत्साह परतला, असा दोघांचा अनुभव होता. २६ ऑगस्ट १९६२ रोजी पक्षाघातानेच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

स्टेफान्सन यांच्या अनुभवातून दोन गोष्टी टिकल्या. ताजे मांस स्कर्व्हीपासून वाचवते आणि चरबीशिवाय नुसती प्रथिने शरीराला झेपत नाहीत. नुसत्या चिकन ब्रेस्टवर आणि प्रोटीन पावडरवर ‘आदिमानवाचा आहार’ करू पाहणाऱ्यांसाठी यातली दुसरी गोष्ट आजही कामाची आहे. पण इनुइटांना जगवत होते ते केवळ मांस नव्हते. कोणत्या ऋतूत कोणता प्राणी कुठे मिळतो, कोणता भाग कोणी खायचा, तो कसा साठवायचा आणि थंडीत बाहेर पडण्यासाठी कपडे कसे शिवायचे, हे सगळे त्यात होते. रँगेल बेटावर पाठवलेल्या चार तरुणांना यातले मांस तेवढे सांगितले गेले होते.